बार्बोराची जागा

१

राइस्तिने गावात दुसऱ्याच्या टोपलीत डोकावणं म्हणजे दुसऱ्याच्या अंथरुणात डोकावणं. टोपली जंगलातून बाहेर यायची ती नेच्याच्या पानांनी झाकूनच. अळंब्यांच्या देठाची माती तिथेच खरवडायची, चिकटलेल्या सुया आणि शेवाळ तिथेच झटकून टाकायचं, कारण नुसत्या सुईवरून जागा ओळखणारी माणसं या गावात पैशाला पासरी आहेत. जागा नवऱ्याला सांगत नाहीत, पाद्रीबाबाला कबुलीजबाबातही सांगत नाहीत. सांगायची ती मरताना, आणि तीही एकालाच. एकदा सांगितली की आपलं इथलं काम संपलं.

तेक्ले ही या गावची सून. नवरा नॉर्वेला मासळीच्या कारखान्यात, पोरगी औद्रा शहरात शिवणकामाला, आणि तेक्ले स्वतः सडकेकडेच्या पत्र्याच्या शेडमध्ये, अळंबी खरेदी केंद्रावर. लोक टोपल्या आणत, पोविलास वजन करी, तेक्ले निवडी. हात चालू आणि तोंडही चालू: "पांढरी डावीकडे, पिवळी उजवीकडे, किडकी खाली." दिवसभर तेच. झोपेतसुद्धा ती असंच बडबडते, असं नवरा सांगायचा.

"ही कुठून आणलीस गं?" पोविलास प्रत्येक बाईला विचारायचा.

"जंगलातून."

"कुठल्या जंगलातून?"

"झाडांच्या."

हा विनोद सतरा वेळा होऊनही लोक हसत. पोविलास म्हातारा होता, विधुर होता, आणि त्याला एवढंच जमत होतं.

तेक्लेला खरा धाक होता तो टोपीखालून तपकिरी भुकटी गाळणाऱ्या अळंब्यांचा. पाइनच्या आणि स्प्रूसच्या झाडांखाली त्यांचा नुसता सुळसुळाट. त्यातली गुदुकास ही गावाची लाडकी. बदामी टोपी, वर पिठीसाखर भुरभुरल्यासारखी पांढुरकी झाक, देठाला कॉलर. तिच्या चुलत बहिणींमधली एक कडू, एक पोट ढवळणारी, आणि एक तांबूस, टोकदार टोपीची. ही तिसरी खाल्ली तर आधी काहीच होत नाही. चव चांगली लागते, झोप चांगली लागते, पुढचे कित्येक दिवस माणूस हसतखेळत हिंडतो. ती आपलं काम आत, गुपचूप करत असते.

म्हणून घरी स्वयंपाकघरात खिडकीच्या जुन्या तावदानाची एक काच कायम ठेवलेली. शंकेची अळंबी आली की देठ कापायचा, टोपीखालची पाती काचेला टेकतील अशी टोपी ठेवायची, वर पेला पालथा घालायचा. सकाळी टोपी उचलली की काचेवर भुकटीचा ठसा, पात्यांची एकेक रेघ मधून बाहेर गेलेली. भुकटी घराणं सांगते, माणूस सांगत नाही, हे तेक्लेला ठाऊक होतं. पण घराणं कळलं तरी सावध राहता येतं.

ऑक्टोबरातल्या एका सकाळी ती चहाचं आधण ठेवायला आली, तर काचेवर ठसा होता. तळहाताएवढा, गंजाच्या रंगाचा, रेघ न् रेघ स्पष्ट. पेला मात्र फळीवर, धुऊन पालथा घातलेला. तिने रात्री काचेवर काहीही ठेवलं नव्हतं.

"औद्रा, तू काच वापरलीस का गं?"

"नाही." औद्रा बादलीशी उभी राहून डावाने पाणी पीत होती. तो डाव संपवून तिने दुसरा भरला.

"मग हे काय आहे?"

"मला काय माहीत आई, तूच ठेवली असशील नि विसरली असशील. वय झालं आता तुझं."

तेक्लेने ओल्या फडक्याने काच पुसली. वय झालंय हे तिला पटलं नाही, पण दुसरं काही सुचेना.

२

औद्रा सुट्टीवर आली होती आणि सुट्टी संपली तरी थांबली होती. थोडी कणकण आहे, म्हणाली. मग तहान. रात्री विहिरीवरून आणलेली बादली सकाळी तळाला गेलेली असायची. ओठ सुकलेले, जीभ पांढरी. "खारट खाल्लंय मी काहीतरी," ती म्हणायची. तेक्ले लिंडनच्या फुलांचा काढा करी, मध घाली, आणि पोरगी तोही पाण्यासारखा घटाघटा संपवी.

त्याच आठवड्यात बाकावर ठसा दिसला.

बाक चुलीला लागून, खिडकीखाली. सासूबाई, बार्बोरा, आयुष्याची शेवटची वीसेक वर्षं तिथेच बसल्या. गुडघे गेले होते, म्हणून चुलीच्या उबदार भिंतीला पाठ लावून त्या दिवसभर खिडकीतून जंगलाची कड बघत बसायच्या. मेणबत्त्यांच्या सणाला, फेब्रुवारीत, झटका आला आणि वाचा गेली. ईस्टरच्या आधी संपल्या. शेवटच्या दिवशी तेक्लेने कान त्यांच्या तोंडाशी नेला होता. बार्बोराची जागा साऱ्या गावाला ऐकून ठाऊक होती, बघितलेली कुणी नव्हती. त्या जागेवरून म्हातारी पन्नास वर्षं भरल्या टोपल्या आणत होती. ओठ हलले, वारा आला, शब्द आला नाही. मग त्यांनी मान भिंतीकडे वळवली.

जबडा काही केल्या मिटेना. बायकांनी निळ्या काठाच्या रुमालाने हनुवटी डोक्याला बांधली तेव्हा मिटला.

"काहीतरी सांगायचं राहिलंय हिचं," शेजारीण कुजबुजली होती.

"जबडा सैल पडतो मेल्यावर," तेक्ले म्हणाली होती. "सगळ्यांचाच पडतो."

आता त्या बाकावर, सासूबाई बसायच्या तिथून हातभर बाजूला, जिथे कुणी त्यांना खेटून बसेल तिथे, पांढऱ्या आच्छादनावर गंजाच्या रंगाची भुकटी होती. बशीएवढी. मधून बाहेर गेलेल्या बारीक रेघा.

तेक्ले वेंधळी बाई नव्हती. तिने आधी छताकडे पाहिलं. माळ्यावर अळंब्या वाळत घातल्या होत्या, फळ्यांच्या फटीतून भुकटी गळली असणार. ती शिडी लावून वर चढली. वर दोऱ्यांत ओवलेल्या माळा होत्या, पण सगळ्या पांढऱ्या, राजअळंबीच्या. त्यांच्या टोपीखाली पाती नसतात, जाळी असते. त्यांची भुकटी पडली तर ठिपके पडतील, रेघा कशा पडतील? आणि बशीएवढी टोपी आहे कुणाची? ती माळ्यावर गुडघ्यांवर बसून राहिली. खालून डाव बादलीवर आपटल्याचा आवाज येत होता. पुन्हा. पुन्हा.

मध्येच औद्रा हसली, आणि म्हणाली, "हो, हो, आहे लक्षात."

"कुणाशी बोलतेस गं?" तेक्लेने वरून विचारलं.

डाव पुन्हा बादलीवर आपटला. "कुणाशी नाही," औद्रा म्हणाली.

३

पाठ दुखते म्हणून औद्रा उठली नाही, त्या सकाळी तेक्लेने तिची उशी नीट करायला हात घातला आणि तो तसाच मागे घेतला. उशीवर, पोरीच्या कानाला लागून, ठसा होता. एखाद्याने तोंड कानाशी नेऊन बोलावं, तर ते तोंड जिथे येईल, नेमकं तिथे. केसांतही भुकटी होती. कानाच्या पाळीच्या आत होती.

"आई, गेले दोन दिवस लघवीच झाली नाही गं," औद्रा म्हणाली.

एवढं पाणी प्यायलेल्या पोरीचं हे वाक्य! तेक्ले पलंगाच्या कडेवर बसली. आणि मग तिला टोपली आठवली.

औद्रा सुट्टीवर आली त्याच आठवड्यातली गोष्ट. पोरगी सकाळी जंगलात गेली, दुपारी आली ती नेच्याने झाकलेली टोपली घेऊन, गाल लाल, बूट भिजलेले. "आई, बघू नकोस हं!" आणि तेक्लेने हसत, मोठ्या कौतुकाने, भिंतीकडे तोंड केलं होतं. "सासूबाईंची जागा सापडली वाटतं!" अशी थट्टाही केली होती. मग ती कामावर गेली. औद्राने गावच्या रीतीप्रमाणे तीन पाण्यांतून उकळलं, प्रत्येक पाणी फेकून दिलं, मग चरबीत कांदा परतून, वर आंबट साय घालून खाल्लं. आईसाठी ताटली झाकून ठेवली होती. पण शुक्रवार होता, तेक्ले शुक्रवारी मांसाला शिवत नसे, आणि त्यात डुकराची चरबी होती. शनिवारी ती ताटलीही औद्रानेच संपवली.

तीन पाण्यांत कडूपणा जातो, पोट ढवळणंही जातं. राइस्तिनेतल्या बायका तीन पाण्यांवर जेवढा विश्वास ठेवतात तेवढा मरियामातेवर ठेवत नाहीत. तांबूस चुलत बहिणीला मात्र पाण्याचं काही वाटत नाही.

साऱ्या गावच्या अळंब्या निवडणारी बाई. आणि स्वतःच्या पोरीच्या टोपलीकडे पाठ करून उभी राहिली, रीत म्हणून. तेक्लेने स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली, एकदा आणि मग आणखी एकदा, आणि मोजे न घालताच पोविलासच्या घराकडे धावली.

"गाडी काढ!"

"अगं, पण झालंय काय?"

"काढ म्हणते ना! नंतर विचार काय ते!"

४

तालुक्याच्या रुग्णालयातली डॉक्टरीणबाई थकलेली होती, पण माणूस म्हणून बरी होती. तिने रक्ततपासणीचे कागद टेबलावर उलटे ठेवले.

"दोन्ही मूत्रपिंडं बसत चाललीत. काय खाल्लं हिने?"

"अळंबी. पण गुदुकास म्हणूनच आणली होती हो. मी पाहिली नाही." तेक्लेला ते वाक्य बोलताना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बाई, नीट ऐका. अळंबीच असेल तर हिला आत्ता राजधानीत, विल्नियसला पाठवते, तिथे रक्त धुण्याचं यंत्र आहे. पण ताप आहे, साधा संसर्गही असू शकतो, आणि अळंबी असताना संसर्गाचं औषध दिलं तर ते त्या मूत्रपिंडांचं उरलंसुरलं बळही संपवेल. तिकडे खाट एकच रिकामी आहे. मला अंदाज सांगून चालणार नाही. एखादा तुकडा आणा, नाहीतर जिथून काढली तिथून तीच अळंबी आणून दाखवा."

तुकडा कुठला असायला! ताटली चाटूनपुसून धुतलेली होती. तेक्ले खाटेशी गेली.

"औद्रा, बाळा, कुठून आणलीस? जागा सांग मला."

औद्राने डोळे उघडले. चेहरा सुजला होता, पण नजर शहाणी होती. "नाही सांगणार."

"वेडी आहेस का? जिवाशी गाठ आहे!"

"आई, जागा कधी सांगतात, तुला माहीत आहे ना."

"मेल्या रिवाजांना आग लाव! तुला कुणी सांगितली जागा?"

"आजीने."

"आजीची वाचा फेब्रुवारीत गेली."

"तेव्हा नाही. मी आले त्या दिवशी. तू कामावर होतीस." औद्रा अगदी सहज बोलत होती, बाजारात कोण भेटलं ते सांगावं तशी. "बाकावर बसली होती. मला म्हणाली, इकडे ये, कान दे. हनुवटीचा रुमाल सोडून गळ्यात घेतला होता. खूप वेळ सांगत होती गं, एकच एक, पुन्हा पुन्हा. तिच्या तोंडाला ओल्या शेवाळाचा वास येत होता. मी म्हटलं, कळलं आजी, आहे लक्षात. तरी सांगत होती."

"तुला ताप आहे," तेक्ले म्हणाली.

"तेव्हा नव्हता."

तेक्लेने उशीकडे पाहायचं नाही असं ठरवलं आणि पाहिलंच. रुग्णालयाची उशी, शाईचा शिक्का मारलेली, स्वच्छ. कानाच्या कडेला नुकतंच काहीतरी तपकिरी धरू लागलं होतं.

५

पोविलास बाहेर गाडीला टेकून उभा होता. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला विनोद सुचत नव्हता. तेक्लेने त्याला सगळं सांगितलं, बाकाचंसुद्धा. ऐकून तो हसला नाही.

"बार्बोरा शेवटची जंगलात कधी गेली, आठवतंय?" त्याने विचारलं.

"माझ्या लग्नानंतर एकदोन वर्षं. मग गुडघे गेले."

"तेव्हाचं जंगल आहे कुठे आता? निम्मं पाइन कापून नेलं, तिथे स्प्रूस लावलं. आज ते घरापेक्षा उंच झालंय. तिला काय ठाऊक? ती बापडी आपली जुनीच जागा सांगणार."

तेक्लेच्या लक्षात आलं. पाइनखाली वाळू असते, कोरडं पांढरं शेवाळ असतं, आणि त्यात गुदुकास येते. स्प्रूसखाली काळोख आणि ओल. तिथे तांबूस चुलत बहिणीचं राज्य. म्हातारीने वाईट चिंतलं नव्हतं. नातीला घरातली सगळ्यात मोठी ठेव दिली होती. तेक्लेला रागही येईना, आणि राग न आल्यामुळे जास्तच भीती वाटली.

ती आत धावली. औद्राचा हात दोन्ही हातांत घेऊन तिने खाटेशी गुडघे टेकले. इतकी विनवणी तिने देवापुढेही कधी केली नव्हती.

"सांग ना गं. तुझ्या पाया पडते. मी जाते, एक अळंबी उपटून आणते, डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर आपटते. सांग. मी कुणाला म्हणजे कुणाला सांगणार नाही."

औद्राचा चेहरा निवळला. ओझं खाली ठेवायचं ठरलेल्या माणसाचा निवळतो तसा.

"बरं," ती म्हणाली. "कान दे."

तेक्लेने कान पुढे नेला. पोरीचा श्वास कानाला लागला, आणि त्या श्वासाला ओल्या शेवाळाचा वास होता.

"आधी सडकेवरचा क्रूस सोडायचा..."

तेक्लेने तिच्या तोंडावर हात दाबला. विचार करून नाही, चटका बसल्यावर हात मागे येतो तसा तो पुढे गेला. सांगायची ती मरताना. एकदा सांगितली की काम संपलं. ती स्वतः पोरीच्या तोंडून हे काढून घ्यायला निघाली होती!

"गप्प! सांगू नकोस! जागा नको मला." तिला धाप लागली होती. "नुसतं विचारते त्याला मान हलव. पायाखाली ओलं होतं की कोरडं? ओलं?"

मान हलली. हो.

"देठाला कॉलर होती? सगळ्यांना? आठव."

काहींना होती. मान आडवी-उभी झाली.

"बाकीच्यांची टोपी टोकदार? तांबूस? देठावर पिवळट पट्टे, कोळ्याचं जाळं गुंडाळल्यासारखे?"

तळहाताखाली औद्राचे ओठ हलत होते. सांगायचं ते सांगतच होते. मान मात्र हलली. हो.

तेक्ले डॉक्टरीणबाईंकडे गेली. "तुकडा नाही आणि जागाही नाही. पण मी ओळखली. याच कामात जन्म गेलाय माझा. चुकले तर मला फाशी द्या, पण तिला पाठवा."

डॉक्टरीणबाईंनी फोन उचलला.

६

विल्नियसच्या त्या खोलीत यंत्राचा आवाज अखंड चालू असायचा. खर्रर्र, टप, खर्रर्र, टप. औद्राचं रक्त नळीतून बाहेर जाई, धुऊन आत येई. तेक्ले खुर्चीत बसून त्या आवाजावर आपला श्वास मोजायची.

परिचारिका रोज उशीची खोळ बदलायची आणि रोज कुरकुरायची. "काय हो हे? तपकीर ओढते का मुलगी तुमची?"

"छतातून पडत असेल काहीतरी."

"आमच्या छतातून?" परिचारिकेने वर पाहिलं. छत गुळगुळीत, पांढरं होतं. पुढच्या दिवशी तिने खोळ चिमटीत धरून नेली आणि हात दोनदा धुतले.

औद्रा पडल्या पडल्या ओठ हलवायची. आवाज नसायचा. तेक्ले जवळ आली की ती डोळ्यांनीच खुणावायची, कान दे. तेक्ले जवळ जायची, कपाळावर हात ठेवायची, पण कान द्यायची नाही. कान सोडून बाकी सगळं दिलं तिने. पाय चोळले, वेणी घातली, लहानपणची अंगाई म्हटली. आपण स्वतःच्या मरणाच्या दारातल्या पोरीचं बोलणं ऐकून घेत नाही, हे तिला कळत होतं, आणि काळजात सुरी फिरत होती.

"आई," एकदा औद्रा स्पष्ट म्हणाली, "आजी म्हणते, आता तू सांग आणि मोकळी हो. फार जड आहे गं."

"आजीला म्हणावं, तेक्ले सांगते आहे की घरी जा! तुमची ती जागा आता राहिली नाही!" तेक्ले ओरडली. शेजारच्या खाटेवरच्या बाईने कूस बदलली. "आणि तू, तू सांगायचं नाहीस. कुणालाही. मला वचन दे."

औद्राने वचन दिलं नाही, हसली फक्त. पण त्याच संध्याकाळी थोडी लघवी झाली, आणि डॉक्टरांनी ती बाटली उजेडात धरून सोन्याची लगड बघावी तशी पाहिली. दुसऱ्या दिवशी सूज उतरली. "आशा आहे," ते म्हणाले. "तुम्ही आता घरी जाऊन एकदा झोपा, बाई. नाहीतर तुमच्यासाठीच खाट लागेल."

"पायांना गार लागतंय गं," औद्रा म्हणाली. "माझे लोकरीचे मोजे आण."

मोजे मागणारा माणूस जगायच्या बेतात असतो. तेक्ले आनंदाने रडली आणि पोविलासला फोन केला.

७

गाव दुपारच्या उन्हात नेहमीसारखंच होतं. स्मशानाकडच्या वाटेवर बायका पितरांच्या दिवसासाठी मेणबत्त्या आणि शेवंतीची झाडं घेऊन चालल्या होत्या. पोविलासने गाडी फाटकाशी लावली. "घे मोजे न् ये. इंजीन चालूच ठेवतो."

"तुझं इंजीन बंद केलं की पुन्हा चालू होत नाही, ते सांग की."

"ते पण आहे."

दोघंही किती दिवसांनी हसले. तेक्ले कुलूप उघडून आत गेली.

घर गार पडलं होतं. मोजे चुलीमागच्या दोरीवर होते, दोन्ही जागच्या जागी. तिने ते काढून छातीशी धरले. काच तिच्या जागी होती, स्वच्छ. बाकावरचं आच्छादन पांढरं होतं. तिने ते हाताने चापपून पाहिलं. कोरडं, पांढरं. संपलं बाबा एकदाचं, असं ती मोठ्याने म्हणाली.

मग तिला तहान लागली. प्रवासाची असेल. बादलीत तळाशी थोडं पाणी होतं. तिने बाकाकडे पाठ करून डाव भरला, ओठांशी नेला, आणि मागे बाकाची फळी करकरली. कुणी बसलं की करकरते तशी.

तेक्ले वळली नाही. समोर, बादलीजवळच्या दुसऱ्या खिडकीच्या तावदानात खोली पुसट दिसत होती. चूल, बाक, बाकावर कुणीतरी. सासूबाईंसारखं वाकलेलं नव्हतं ते. ताठ होतं, तरुण होतं, वेणी घातलेलं होतं. तेक्लेने स्वतःच्या हाताने कालच घातलेली वेणी. पायांत काही नव्हतं, आणि ते पाय एकमेकांवर घासत होते, गार लागल्यासारखे. खांद्यावरून काहीतरी बारीक, तपकिरी, सावकाश खाली उतरत होतं.

ओल्या शेवाळाचा वास आला.

"आई," मागून औद्रा म्हणाली. "कान दे."

तेक्लेच्या हातातून डाव पडला. तिची पोरगी विल्नियसला होती. यंत्र चालू होतं, सूज उतरली होती, तिने मोजे मागितले होते. जागा मरताना सांगतात, आणि अजून कुणी काही सांगितलेलं नव्हतं. ऐकलं नाही तर सांगितलंच नाही. एवढी एकच गोष्ट तिला स्वच्छ कळली आणि तिने ती घट्ट धरली.

"आधी सडकेवरचा क्रूस सोडायचा, मग डावीकडे..."

तिने मोज्यांसकट दोन्ही हात कानांवर दाबले आणि ओरडायला लागली. प्रार्थना आठवेना, अंगाई आठवेना. जन्मभर जे तोंडात होतं तेच आलं. "पांढरी डावीकडे! पिवळी उजवीकडे! किडकी खाली! पांढरी डावीकडे! पिवळी उजवीकडे!" डोळे मिटलेले, घसा फाटेस्तोवर. बाक पुन्हा करकरला. उजव्या खांद्यावर, कानाच्या अगदी जवळ, काहीतरी गार टेकलं आणि थांबलं. ते घाईत नव्हतं.

फाटकाशी पोविलासने भोंगा वाजवला, मग पुन्हा वाजवला, आणि मग गाडीचं दार उघडल्याचा आवाज झाला. "तेक्ले! अगं तेक्ले, कुणावर ओरडतेस?"

"किडकी खाली! पांढरी डावीकडे!" ती ओरडत होती. तावदानावर तिच्या श्वासाची वाफ धरली होती. छातीत हवा उरली नव्हती, शब्द तुटायला लागले होते, आणि कधी ना कधी श्वास घ्यायला तिला थांबावंच लागणार होतं.